यातले दहा काढा

भाऊजी फोटो काढत नसत, टिपत असत. काढतात ते दात, फोटो टिपायचा असतो, असं ते समोर बसेल त्याला सांगत. त्यांनी शेवटचा फोटो नेमका कधी टिपला होता, हे मात्र घरात कुणालाच आठवत नव्हतं. त्यांचा कॅमेरा काचेच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या शेजारी, एखाद्या आजारी राजासारखा पडून असे. रविवारी सकाळी ते त्याला बाहेर घेत, रबरी फुग्याने वारा घालत, मऊ फडक्याने तोंड पुसत आणि पुन्हा निजवत. एवढी सेवा कुणी देवाची केली असती, तर देव एव्हाना घरच्यासारखा बोलायला लागला असता. कॅमेरा काही बोलला नाही. बोलत भाऊजीच.

पोटापाण्याला ते पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक होते. फार पूर्वी खात्याने कर्मचाऱ्यांची फोटोस्पर्धा घेतली होती, विषय अर्थातच पाणी. तिघा परीक्षकांतला एक आयत्या वेळी आजारी पडला आणि त्याच्या खुर्चीत भाऊजींना बसवलं. खुर्चीवरून उठायचं कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. तेव्हापासून ते जिथे जात तिथे परीक्षक म्हणूनच जात. लग्नात गेले की फोटोग्राफरच्या मागे उभे राहून जीभ टाळ्याला लावून च्यक् करत. हॉटेलात गेले की भिंतीवरची चित्रं मान वाकडी करून बघत आणि जेवण संपेपर्यंत मान सरळ करत नसत. कचेरीत मागे त्यांना लेन्ससाहेब म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते सुखावले.

अशा माणसाकडे धाकटी सल्ला मागायला गेली.

धाकटी म्हणजे त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. चौकातल्या फोटोच्या दुकानात मागच्या खोलीत ती काम करायची. खोलीत एक फिरतं स्टूल, मागे पांढरं कापड, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, आणि दाराशी आरसा, त्याला दोरीने बांधलेला कंगवा, कारण मोकळा ठेवला की जायचा. लोक यायचे ते ओळखपत्राच्या फोटोसाठी. त्या फोटोत हसायचं नसतं, मान तिरपी चालत नाही, दात दिसता कामा नयेत. दिवसभर धाकटीचं एकच पालुपद चालायचं, हनुवटी जरा खाली, आणखी जरा, डोळे इथे. गल्लीतली पोरं तिला हनुवटीबाई म्हणायची आणि ती दिसली की सगळी एकदम हनुवट्या छातीला लावून उभी राहायची.

पण तिची एक खोड होती. फोटो निघाला की ती "झालं" म्हणायची. ते ऐकलं की स्टुलावरचा माणूस सुटायचा. इतका वेळ गुन्हेगारासारखा बसलेला चेहरा एकदम स्वतःच्या मालकाकडे परत यायचा. कुणी श्वास सोडायचं, कुणी डोळे चोळायचं, एखादी बाई उगीचच लाजायची, एखादा म्हातारा दाराकडे बघायचा, की आपल्याला न्यायला कुणी आलंय का. धाकटी तेव्हा दुसऱ्यांदा बटण दाबायची. मग तो फोटो त्यांना दाखवून विचारायची, ठेवू का म्हणून. नको म्हणतील त्यांचा त्यांच्यासमोर पुसून टाकायची. हो म्हणतील त्यांना एक प्रत फुकट द्यायची. देवाने माणूस घडवताना ठेवलेला चेहरा तो हाच असावा, बाकीचे आपण सरकारसाठी करतो, असं तिला वाटायचं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही. बोललं की भाऊजींसारखं व्हायला होतं.

त्या वर्षी मालकाने आपोआप फोटो काढणारी पेटी आणायचं ठरवलं. पेटीत बसायचं, बटण दाबायचं, पेटीच सांगते हनुवटी खाली. स्टूल, छत्र्या आणि धाकटी, तिघांचंही काम एका पेटीने भागणार होतं. मालक तसा वाईट माणूस नव्हता, फक्त मालक होता. त्याने तिला सांगितलं की बाहेरची कामं वाढली आहेत, कारखान्यातली यंत्रं, नव्या इमारती, शाळांचे वर्गफोटो. ती तिने करावीत. पण बाहेरचे लोक शिक्षण विचारतात. महिनाअखेरपर्यंत कुठल्याही बऱ्या कोर्सला प्रवेश मिळाल्याचं दाखवलंस तर काम तुझं, नाहीतर मला दुसरं माणूस बघायला लागेल.

दिवसा दुकान, संध्याकाळी अंथरुणाला खिळलेली आई. वर्गात जाऊन बसणं शक्यच नव्हतं. म्हणून तिने घरून करायचे कोर्स शोधले आणि तीन समोर ठेवले.

पहिल्याचं नाव ऐकूनच धाप लागायची. घरबसल्या जागतिक दर्जाचा छायाचित्रकार. जाहिरातीत एक दाढीवाला कड्याच्या टोकावर उभा राहून सूर्याकडे कॅमेरा रोखायचा आणि म्हणायचा, तुमच्यात तो आहे. कोण आहे, ते शेवटपर्यंत सांगायचा नाही. तिथे नाव घातलं की प्रमाणपत्र जवळजवळ निघालंच; तुम्ही शिकलात तर तुमची मर्जी. दुसरा एका विद्यापीठाचा. जाडजूड पुस्तकं घरी यायची, आणि कॅमेऱ्याला हात न लावता पास होता येईल अशी त्याची परीक्षा होती. रसायनांची नावं, शोधांची सालं, चार पर्यायांतून एक. तिथे शिकलेला माणूस फोटोबद्दल सगळं सांगू शकला असता, फोटो सोडून.

तिसरा कोर्स लहान होता. एकच बाई शिकवायच्या, केस पिकलेल्या, बोलायला तुटक. दर पंधरवड्याला त्या प्रत्येकाचं काम फोनवर स्वतः बघायच्या. पण घ्यायच्या थोड्यांनाच, आणि तेही आधी तुमचे दहा फोटो बघून. नको वाटले तर नाही म्हणायच्या. अडचण अशी की तिन्हीकडची मुदत एकाच आठवड्यात संपत होती. तिसरीकडे फोटो पाठवून नकार आला असता, तर तोवर बाकीची दोन दारं बंद झालेली असती. मग पेटी बसली असती आणि धाकटी उठली असती.

ताई म्हणाली, एवढं घरात माणूस आहे, त्याला विचार.

माणसाने चहा होईपर्यंत तिन्ही कोर्सांचा निकाल लावला. विद्यापीठाचा ऐकून ते नुसतेच हसले. तिसऱ्याच्या बाईंचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि ज्यांचं नाव भाऊजींनी ऐकलेलं नाही ते जगात असण्याचं काही कारण नव्हतं. दाढीवाला मात्र त्यांना पसंत पडला. त्याच्या हातात जो कॅमेरा होता तोच त्यांच्या कपाटात होता, एवढीच त्याची पात्रता, पण ती पुरेशी होती. मग त्यांनी प्रकाशावर निरूपण लावलं. चांगला निरूपणकार मधेच थांबतो, दोन ओळी गाऊन घेतो, ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देतो, एखादी आजी डोळे पुसून घेते, आणि मग गाडी पुढे जाते. भाऊजींच्या निरूपणात गाणं नव्हतंच. चौकटीचे तीन भाग करावेत, माणूस एका रेषेवर ठेवावा, क्षितिज मधोमध आणू नये, एवढी त्यांची पोथी. ती ते पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत, आणि ताई आतून विचारी, झाला का अध्याय, चहा निवतोय.

शेवटी धाकटी म्हणाली की तिला तिसराच करायचाय, फक्त फोटो कुठले पाठवायचे ते कळत नाही.

"तू काय पाठवणार," भाऊजी म्हणाले, "ओळखपत्रं?"

यावर ते स्वतःच हसले. ताई हसली नाही. धाकटीने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात वीस फोटो होते. दहा स्टुलावरचे, "झालं" नंतरचे. उरलेले दहा तिने सुट्टीच्या दिवशी बाहेर जाऊन काढले होते, भाऊजींच्या पोथीला धरून: नदीवरचा सूर्यास्त, दव पडलेलं फूल, पुलाच्या कमानी, पाण्यात पडलेलं झाड, क्षितिज कुठेही मधोमध न येऊ देता. त्यातला एकही तिला स्वतःला पुन्हा बघावासा वाटत नव्हता. पण तिला आपल्या वाटण्याची भीती वाटायची. इतकी वर्षं भाऊजींच्या घरी चहा पिऊन असं होतंच. तिने मनाशी ठरवलं होतं की या माणसाच्या चाळणीतून जे उतरेल ते कुठेही उतरेल.

"भाऊजी, यातले दहा काढा," ती म्हणाली. "तुम्ही काढाल ते."

भाऊजींनी पेन ड्राइव्ह दोन बोटांत उचलला, केर उचलावा तसा.

रविवारी कॅमेऱ्याची अंघोळ आटोपल्यावर ते कामाला बसले. ताईने नंतर सांगितलं की त्यांचा एवढा आनंदात गेलेला रविवार तिने पाहिला नव्हता. एकेक फोटो उघडत होते आणि तिला हाक मारत होते. हा बघ, म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. ही बघ, हात हललाय. याचे केस बघ, वादळातून आलाय का. ही तर चौकटीतून निघून चाललीय. हे फोटो आहेत का, ही हजेरी आहे. सूर्यास्ताला मात्र त्यांनी मान हलवली आणि फुलापाशी जरा वेळ थांबले. संध्याकाळपर्यंत दहा काढून झाले. ते त्यांनी एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले, त्याला नाव दिलं "काढलेले", आणि पेन ड्राइव्ह ताईच्या हाती देताना म्हणाले, चाळणी मारून दिलीय म्हणावं, आता लाज जाणार नाही.

सोमवारी रात्रीची औषधं आईला देऊन धाकटीने तो उघडला. बाहेर दहा फोटो मोकळे पडले होते, सूर्यास्त, फूल, कमानी. आत एक फोल्डर, "काढलेले". तिने उघडलं आणि खुर्चीत मागे टेकली. दाराकडे बघणारा म्हातारा. लाजलेली बाई. केस विस्कटलेला भाजीवाला. बाळाला सावरताना हात हललेली आई. दहाच्या दहा स्टुलावरचे. एकसुद्धा बाहेर राहिला नव्हता, एकसुद्धा परका आत शिरला नव्हता.

तिला रडू आलं. इतकी वर्षं आपण या माणसाला ओळखलं नाही, असं तिला वाटलं. वरून टोचून बोलतात, टिपा म्हणतात, मान वाकडी करतात, पण बघता येतं त्यांना. तिने आईला उठवून सांगितलं की भाऊजींना आवडले. आईने विचारलं, कुठले भाऊजी. मग धाकटीने बाकी दोन कोर्सांचा विचार सोडला आणि ते दहा फोटो तिसरीकडे पाठवून दिले.

आठवड्याभराने त्या शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, या लोकांना तुम्ही काय सांगितलं होतंत? धाकटी म्हणाली, काही नाही, झालं म्हणाले. पलीकडे बाई हसल्या आणि म्हणाल्या, या मग. मालकाने फोनवरचा प्रवेशाचा निरोप वाचला आणि दुसऱ्याच दिवशी तिला साबणाच्या कारखान्यात पाठवलं.

रविवारी ती केक घेऊन ताईकडे गेली. भाऊजी कॅमेऱ्याला वारा घालत होते. प्रवेश मिळाल्याचं ऐकून त्यांनी मान हलवली, जणू त्यांनीच वर शब्द टाकला होता. मिळणारच, म्हणाले, हात कुणाचा लागला होता. शेजारचे एक निवृत्त मास्तर बसले होते, त्यांना त्यांनी लगेच सांगितलं की मेव्हणीचे फोटो आपणच निवडून दिले. मास्तरांनी कौतुकाने विचारलं, बघू तरी. धाकटीने फोन त्यांच्यापुढे धरला. दाराकडे बघणारा म्हातारा, लाजलेली बाई. मास्तर चष्मा वर करून बघत राहिले आणि हळूच म्हणाले की वा, हा तर आमचा सुतार. भाऊजींनीही मान लांब करून बघितलं, आणि त्यांच्या हातातला रबरी फुगा तसाच राहिला.

"हे पाठवलेस?"

"तुम्ही काढलेले."

"मी काढलेलेच म्हणतोय. हे मी काढले होते."

"हो ना. दहाच्या दहा."

"अगं, काढले म्हणजे काढून टाकले," भाऊजी म्हणाले. "केर काढावा तसे. पाठवायचे ते बाहेर ठेवले होते."

मास्तरांनी फोन अदबीने टेबलावर ठेवला आणि आपल्याला काम असल्याचं त्यांना आठवलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदराचं टोक तोंडात धरलं. धाकटी मात्र हसली नाही. ज्या एका होकारावर तिने सगळं लावलं होतं तो होकार कधी आलाच नव्हता. नाही म्हटलेल्या फोटोंवर ती साबणाच्या कारखान्यापर्यंत जाऊन आली होती.

भाऊजी एव्हाना सावरले होते. अशी माणसं फार लवकर सावरतात, त्यांना पडल्याचं कळलेलंच नसतं. ते म्हणाले की यावरून एक गोष्ट सिद्ध झाली, त्या बाईंना काही कळत नाही. असल्या फोटोंवर जिथे प्रवेश मिळतो तिथे शिकून काय होणार. दाढीवाल्याने मुदत वाढवली आहे, परवापर्यंत आहे, हे त्यांनी मुद्दाम बघून ठेवलं होतं. तिने तिकडचं सोडावं आणि इकडे नाव घालावं, मालकाला काय, कुठलाही कागद चालेल. हे सगळं त्यांनी अगदी आपुलकीने सांगितलं. त्यांचा तुच्छपणा नेहमी आपुलकीतच गुंडाळलेला असे, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला.

धाकटीने टेबलावरचा फोन उचलला. पहिला फोटो बघितला, मग दुसरा. सावकाश दहाही बघितले. भाऊजी वाट बघत होते. म्हाताऱ्याच्या फोटोपाशी ती थांबली. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं, तो एकटाच काठी टेकत गेला होता, आणि जाताना ती फुकटची प्रत खिशात न घालता हातात धरून गेला होता. हे भाऊजींना माहीत नव्हतं. त्या बाईंनाही नव्हतं. तरी त्यांना दिसलं होतं.

"राहू दे भाऊजी," ती म्हणाली. "मी आहे तिथेच शिकते."

"मग पुढच्या वेळी तरी नीट सांग. मी निवडून देईन."

"देईन की तुमच्याकडे. तुम्ही अगदी मन लावून काढता."

भाऊजींना हे पटलं. त्यांनी फुग्याने पुन्हा वारा घालायला सुरुवात केली.

आत स्वयंपाकघरात ताईने केक कापायला सुरी घेतली होती, पण तिला हसू आवरत नव्हतं आणि एकही तुकडा सरळ निघत नव्हता. तिने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, खरंच देणार आहेस त्यांच्याकडे? धाकटी म्हणाली, खरंच.

"ताई, तुझ्या नवऱ्याइतकं अचूक कुणाला कळतं? एक चुकला नाही. सूर्यास्ताला हात लावला नाही, फुलाला लावला नाही. मी स्वतः निवडले असते तर भीतीने दोन सूर्यास्त घातलेच असते. मला फक्त एवढंच बघायचं, त्यांनी काय टाकलं."

ताई ओट्याला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाणी पुसता पुसता एकाएकी थांबली आणि बहिणीच्या दंडाला बोटाने ढोसलं.

"पुरे हं. माझा नवरा आहे तो," ती म्हणाली, आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा बशीत घालून बाहेर घेऊन गेली.